इंद्रावतीचं शेवटचं वळण

शनिवार पेठेतले दीनानाथ परचुरे मोजणीखात्यात सर्व्हेअर होते. चोपन्न सालच्या हिवाळ्यात त्यांची तुकडी बस्तरात, इंद्रावतीच्या खोऱ्याचा नकाशा करायला गेली. चार महिने नुसतं रान. बरोबर वाघोलीचा गेनबा होता, मोजणीतला खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी. त्यानं पुढं जाऊन मोजणीचा दांडा उभा धरायचा आणि दीनानाथांनी दुर्बिणीतून आकडे वाचायचे.

काम संपत आलं, एक वळण तेवढं राहिलं. गेनबा म्हणाला, इथं पाणी खोल दिसतंय, उद्या वरच्या उतारानं पलीकडं जाऊ. दीनानाथांना दिवस घालवायचा नव्हता.

"जा रे, त्यात काय," ते म्हणाले.

गेनबा गेला. निम्म्यावर पाणी छातीला लागलं, दांडा कलला आणि भिंगात नुसती नदी उरली. तीन दिवस शोधूनही काही हाती लागलं नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्या माणसाला वरच्या उतारानं धाडून दीनानाथांनी ते वळण पुरं केलं. आकडे नेहमीसारखेच वहीत उतरवले.

पुण्याला परतल्यावर ते वाघोलीला गेले. तार आधीच पोचली होती. गेनबाची बायको सोजरबाई रडली नाही. कुठं गेले ते दाखवा, एवढंच म्हणाली. आठवड्यानं ती स्वतःच कचेरीत आली. दीनानाथांनी कागद उलगडून वळणावर बोट ठेवलं. तिथं निळी रेघ होती, दोऱ्याएवढी.

"एवढीच?"

"कागदावर एवढीच दिसते."

तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण दीनानाथ बोलून गेले, "तो नको म्हणत होता. मीच पाठवलं."

"ठावं हाय," सोजरबाई म्हणाली. "पान्याला लई भ्यायचे ते. आपल्या मनानं कदी उतरलेच नसते."

तिनं पदर सारखा केला आणि वाघोलीची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं. दीनानाथांनी वेळ सांगितली, फाटकापर्यंत सोडलं, परत येऊन डबा खाल्ला. भाजी कसली होती हे नंतर त्यांना आठवेना.

पुढच्या मोहिमेची यादी लागली तेव्हा त्यांनी नाव काढून घेतलं आणि कचेरीतलं टेबल मागितलं. कारणाच्या रकान्यात 'डोळे अधू' असं लिहिलं. डोळे ठणठणीत होते. साहेबांनी काही न विचारता सही केली.