अदबीचं पुस्तक

दोन वर्षं मी एका जुन्या पुस्तकावरून जपानी शिकलो. आमच्या पेडगावच्या विहारात जपानी भंतेजी येणार होते. गाव आम्हाला कसं वागवतं, ते मला त्यांना सांगायचं होतं.

ते आले आणि दमून गावच्या पारावर टेकले. तेवढ्यात बन्सीधर पाटील माझ्यावर ओरडला, "ए सूर्या, उठव त्या टकल्याला! पार बाटवायलाय."

"काय म्हणतात?" भंतेजींनी जपानीत विचारलं.

पुस्तकात सगळी अदबीचीच वाक्यं होती, शिवी एकही नव्हती. आलं ते मी बोललो, "सूर्यभान-सान, पाहुण्यांना कृपया आत न्या, असं पाटील-सान म्हणतात."

भंतेजी उठले. पाटलापुढं कमरेत वाकले. "फार सभ्य माणूस," म्हणाले.

दोन वर्षं घासून शिकलेलं माझं पहिलंच वाक्य पाटलाच्या कामी आलं.