फोनले दिलेला ताण

आमचे हे, म्हणजे रघुनाथराव, संत्र्याच्या बाबतीत आमच्या गावात, रामाकोन्यात, कोणाचं ऐकत नाहीत, आणि ऐकायची गरजही नाही. झाडाखाली उभे राहतात, वर पाहतात आणि सांगतात, याले पाणी जास्त झालं, त्याच्या मुळाले बुरशी लागली. सारं बरोबर निघते. पण देवानं माणसाले एका विषयातली अक्कल भरभरून दिली की तो माणूस ती सगळ्याच विषयांत वापरून पाहते. त्याचा ताप बायकोले होते.

झालं असं, लक्ष्मीपूजनाची तयारी सुरू होती. मी दारात रांगोळी काढून राहिली होती आणि हे खाटेवर बसून फोन पाहून राहिले होते. एकदम ओरडले, "विजू! ऊर्मिलाचा मेसेज!"

माझ्या चिमटीतली रांगोळी तिथंच सांडली. ऊर्मिला म्हणजे आमच्या यायची धाकटी बहीण, पांढुर्ण्याले दिलेली. दोन वर्षांपासून दोघांचं बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. ऊर्मिलाच्या मानसीचं लग्न होतं. आमच्यात नवरीले मांडवात मामा आणते, आणि सख्खा मामा एकच, तो म्हणजे हे. नेमकं त्याच दिवशी बगिच्यात संत्र्याची गाडी भरणं सुरू. मी म्हणून राहिली, "अहो, चला नं." हे म्हणे, "एवढ्या दोन पेट्या." त्या दोन पेट्यांत मुहूर्त आला. तिकडं गुरुजी मामाच्या नावानं ओरडून राहिले. शेवटी यायचे चुलतभाऊ भैय्याजी उठले आणि नवरीले घेऊन आले. आम्ही मांडवात पाय ठेवला तर मानसीच्या पाठीशी भैय्याजी उभे! हे तिथूनच माघारी फिरले. अक्षता टाकल्या नाहीत, जेवले नाहीत. उशीर कोणाचा आणि फुगून कोण बसलं, पहा! त्यानंतर हे भाऊबीजेले गेले नाहीत आणि तिनं बोलावलं नाही.

"काय म्हणून राहिली?" मी विचारलं.

"बोललेला मेसेज आहे. मिनिटभराचा." यायनं बोट लावलं. काही नाही. अजून लावलं. काही नाही. फोन हँग झाला होता. ऊर्मिलाचं नाव दिसते, तिचा फोटो दिसते, तो मेसेज दिसते, पण आवाज काही निघत नाही. यायनं फोन धोतराले पुसला, त्याच्यावर फुंकर मारली, शेवटी तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "ऊर्मिला?"

"ती त्याच्यात बसली नाही," मी म्हटलं. "हा घ्या माझा बटनांचा फोन. लावा तिले आणि विचारा."

"काय विचारू? तू दोन वर्षांनी बोलली आणि मी ऐकलं नाही, आता पुन्हा बोल?"

त्या दिवशी पूजेत यायचं लक्ष नव्हतं. लक्ष्मीले हळदकुंकू वाहायचं तर फोनकडं पाहत ताटाले वाहिलं.

पाडव्याले जवळच्या सौंसरले गेलो. बस स्टँडजवळ दिपालीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगी मोठी हुशार. फोन पाहिला न पाहिला तोच म्हणे, "काका, बाजूचं हे बटन आणि आवाज कमी करायचं बटन, दोन्ही एकत्र दाबून धरायचे. फोन बंद होऊन आपोआप सुरू होईन."

"आणि मेसेज?"

"मेसेज कुठं जाते? तिथंच राहते."

"आमचा राजू बी असंच म्हणे," हे म्हणाले. राजू आमचा पोरगा, नागपूरले असते. होळीले आला, काही होत नाही म्हणून काहीतरी दाबलं आणि फोनमधले सारे फोटो गेले.

"त्यायनं सारं पुसायचं दाबलं असन, काका. हे नुसतं बंद करून चालू करणं आहे. द्या इकडं."

यायनं फोन बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि वरून गुंडी लावली. "पोरी, तुझ्यासाठी ते बटन आहे. माझी बहीण आहे त्याच्यात."

दिपालीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणे, "बरं, दाबायचं नसन तर चार्जिंगले लावू नका. बॅटरी पुरी उतरली की बंद होईन. मग लावा, होईन सुरू."

यायचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "म्हणजे ताण द्यायचा!"

मी कपाळाले हात लावला. संत्रावाल्याले ताण सांगावा लागत नाही, पण तुम्हाले सांगते. बहर यावा म्हणून झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होऊ देतात, जमीन तडकू देतात, आणि मगच पाणी सोडतात. तेव्हा झाड फुलते. आता हा न्याय फोनले! घरी येऊन यायनं चार्जर कपाटात कुलूप लावून ठेवला आणि फोन अंगणात पाटावर मांडला. येताजाता पाहत. "सुकून राहिला," म्हणत. शेजारच्या लीलाबाईनं विचारलं, वाळवण कशाचं घातलं? मी म्हटलं, नणंदेचं.

भाऊबीजेच्या सकाळी उठून पाहते तर फोन काळाठिक्कर. मी म्हटलं, "झालं एकदाचं! काढा तो चार्जर."

"आत्ता नाही."

"काहून?"

"ताण पुरा झाला पाहिजे. घाईनं पाणी सोडलं तर नुसता पाला फुटते, फूल येत नाही. संध्याकाळी लावू."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "संध्याकाळी भाऊबीज सरली! तुम्हाले बहीण पाहिजे का बहर पाहिजे?"

हे एकदम खाली बसले. मग हळूच म्हणाले, "विजू, काय म्हटलं असन तिनं?"

तेव्हा मले समजलं. ताणबिण काही नव्हता. माणूस भिऊन राहिला होता.

"काय म्हणन?" मी जशी स्वतः ऐकून आली तशी बोलली. "दिवाळीत बहीण भावाले काय म्हणते? ये म्हणते. उठा, आंघोळ करा."

उठले बापा. फोन तसाच पाटावर राहू दिला, पांढरा कुर्ता घातला, पिशवीत पहिल्या तोडीची संत्री भरली, सौंसरहून पांढुर्ण्याची बस धरली. बसमध्ये सारा वेळ गुणगुणून राहिले होते, सुरात नाही, पण खुशीत.

पांढुर्ण्याले दार उघडलं श्रीधररावांनी, ऊर्मिलाच्या नवऱ्यानं. शाळेत मास्तर आहेत, कधी शब्द अडत नाही त्यांचा, पण आम्हाले पाहून नुसते "या, या नं" करत बाजूले झाले. आत पाहते तर पाट मांडलेला नाही, रांगोळी नाही, ओवाळायचं ताट नाही. ऊर्मिला पिठाच्या हातानं बाहेर आली आणि तिथंच थांबली.

"दादा, माझा मेसेज भेटला नाही का तुले?"

"भेटला."

"ऐकला?"

यायनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"ऐकला," हे म्हणाले.

"पुरा?"

"पुरा."

"त्यात तर मी येऊ नको म्हटलं होतं." ती म्हणाली. "दोन वर्षं वाट पाहून चंद्राले ओवाळलं, आता चंद्रच माझा भाऊ, तू येऊ नको, असं म्हटलं होतं. तरी आला?"

मले वाटलं, झालं. मांडवातून फिरला तसा हा माणूस आताही फिरन. पिशवीचा बंद मी मागून धरून ठेवला. पण हे हलले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच आलो. लग्नात उशीर मी केला होता, चंद्रानं नाही. जे बोलायचं ते मले बोल."

ऊर्मिलानं तसंच पिठाच्या हातानं त्यायच्या दंडावर एक चापट मारली, मग दुसरी मारली, आणि मग दंड धरून रडाले लागली. पांढऱ्या कुर्त्यावर सारं पीठच पीठ. श्रीधरराव चष्मा पुसत पाट शोधाले गेले. पाट सापडला, ताट सापडलं, आणि त्या घरात दुपारच्या बारा वाजता भाऊबीज झाली. हे ओवाळून घेताना रडले आणि डोळ्यात धूर गेला म्हणाले. निरांजनाले कुठं धूर असते!

मग मी पुऱ्या लाटाले बसली. ऊर्मिला तळता तळता मले म्हणे, "वहिनी, मेसेजवर निळ्या खुणा दिसल्या तेव्हा माझा जीवच गेला. म्हटलं, ऐकला यानं, आता जन्मात येत नाही. पण पहा, तेवढं ऐकूनही आला. असा भाऊ कोणाले असते?"

माझ्या पोटात कधी काही राहत नाही, साऱ्या रामाकोन्याले माहीत आहे. त्या दिवशी मी दोन ओठ दाबले आणि म्हटलं, "खरं आहे, बाई. असा कोणालेच नसते."