देवाच्या कामाचा रंधा

लाकूड तासून गुळगुळीत करतात तो रंधा तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. मी त्यांतलाच एक, म्हातारा झालेला. गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण न सांगून चालणार नाही.

माझा मालक सुतार. तरुणपणी त्याने स्वतःच माझे अंग कोरले, लोहाराकडून पाते घडवून घेतले आणि मुठीला आपल्या तळव्याचा आकार दिला. पाळणे, खिडक्या, बाकडी, शवपेट्या, आम्ही काय नाही केले! माझ्यातून कागदासारखे पापुद्रे निघू लागले की मालक शीळ घाली.

मग आम्ही चर्चचे व्यासपीठ केले. पहिल्याच रविवारी पाळकसाहेब त्यावर उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "या सुताराच्या हातात देवाचं देणं आहे." झाले! मालकाने शपथच घेतली: यापुढे हे हात आणि हा रंधा फक्त देवाच्या घराच्या कामाला. मला तेल लावून, मखमलीत गुंडाळून दुकानातल्या कपाटात ठेवले. मालाची खोकी ठोकायला दोन कामगार नेमले आणि स्वतः नुसती देखरेख करू लागला. लोक म्हणत, "केवढी भक्ती!" खोटे कशाला बोलू, मखमल मलाही आवडली.

चर्चचे दुसरे काम काही निघाले नाही. वर्षे गेली. एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातला दाखला घेतला: धन्याने वापरायला दिलेले धन जमिनीत नुसते पुरून ठेवणाऱ्या आणि त्याबद्दल धन्याची बोलणी खाणाऱ्या चाकराचा. दुसऱ्या दिवशी मालक कामगारांना सांगत होता, "काय बोलले! आपल्या शेजाऱ्यानं ऐकायला हवं होतं."

त्याच आठवड्यात त्याची धाकटी बहीण दुकानात आली. तिच्या नवऱ्याचा एक पाय गिरणीतल्या यंत्रात सापडून गेला होता. गिरणीवाल्याने त्याला वरच्या कचेरीत फोन घेण्याचे काम देऊ केले होते. अट एकच: सोमवारी कुणाचा हात न धरता जिना चढून यायचे.

"दादा, कुबड्या हव्यात," ती म्हणाली. "विकतच्या त्यांना उंच होतात. हे बघ, दोरीनं माप आणलंय."

"देतील की आमची माणसं करून."

"खोकी ठोकणारी? तुझ्या हातच्या दे ना."

"देवाला शब्द दिलाय गं मी. हा रंधा दुसऱ्या कामाला लावायचा नाही."

तिने दोरी बाकावर ठेवली. "तुझ्या व्यासपीठावर पाळकसाहेब दोन पायांवर उभे राहतात, दादा. माझ्या माणसाला एकच आहे."

मालकाने मान खाली घातली. पण कपाट उघडले नाही.

कामगारांनी खोक्यांच्या फळ्यांच्या कुबड्या ठोकून दिल्या. त्यांतली एक बोटभर आखूड होती. सोमवारी गिरणीच्या जिन्यात नवव्या पायरीवर ती सटकली आणि बहिणीचा नवरा कोसळला. कमरेचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, आता कायमचे अंथरूणच.

तेव्हा कुठे मालकाने मला बाहेर काढले. पात्यावर गंज होता, त्याच्या हातांना सवय राहिली नव्हती. तरीही चार दिवस खपून आम्ही कुबड्या केल्या. इतके सुरेख काम आमच्या हातून आधी कधी झाले नव्हते. कुठे तासायचे राहिले असेल म्हणून मालक मलाही पिशवीतून बहिणीकडे घेऊन गेला.

तिच्या नवऱ्याने पडल्या पडल्या लाकडावरून हात फिरवला. "एक कुसळ नाही हो कुठं," तो म्हणाला. "हात आहे तुमचा!"

बहीण दारातच उभी होती. "माप बरोबर आहे का बघायला उभं करू त्यांना, दादा?"

मालकाने कुबड्या उचलून भिंतीला टेकवल्या.

मित्रांनो, तुम्हाला जे येते ते मखमलीत ठेवू नका. मी शिकलेला नाही, माझे चुकतही असेल. पण मला वाटते, त्या दिवशी दोरीचे माप घेऊन दुकानात देवच आला होता, आणि आम्ही त्याला खोक्याच्या फळ्या दिल्या.