पान शहाण्णव

बारक्याने स्टुलावर चढून सगळ्यात वरचा पत्र्याचा डबा उघडला, वर ठेवलेले दातांचे चार साचे बाजूला केले आणि पुस्तक काढून खूण पाहिली. गुलाबी मेणाची पट्टी शहाण्णवाव्या पानात होती. काल होती तिथेच. पुस्तक तो पुन्हा वाचत होता, आणि स्वतः ती ठेवली होती एकशेचाळिसाव्या पानात.

कोणीतरी पुस्तक वाचत होतं. पहिल्यांदा पट्टी चाळिसाव्या पानात सापडली तेव्हा त्याने स्वतःची समजूत घातली, की आपणच विसरलो असू. मग ती एकाहत्तरवर गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आता दोन दिवस शहाण्णववर. त्या पानावर काय आहे ते त्याला पाठ होतं. गोष्टीतला मुलगा आपलं एका मुलावर प्रेम आहे हे घरात सांगतो, आणि मोठा भाऊ दार लावून घेतो. वाचणारा नेमका तिथे थांबला होता.

बारक्या चौतीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. तो आणि थोरला भाऊ मिळून कवळ्या बनवत. आईवडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा. थोरल्याने त्याला वाढवलं, धंदा शिकवला, दुकानामागची खोली दिली. वर्कशॉप थोरल्याचं, खोली थोरल्याची, हातातली विद्यासुद्धा त्याचीच. उद्या तो 'चालता हो' म्हणाला, तर बारक्याजवळ एक बॅग भरेल एवढंही स्वतःचं नव्हतं.

आणि तो म्हणेल असं मानायला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर दोन पुरुष एकत्र राहायला आले होते. घरमालकाने विचारलं तेव्हा थोरला प्लास्टर घोटता घोटता म्हणाला होता, "असली माणसं शेजारी नकोत." मानसुद्धा वर केली नव्हती. शेजारी ट्रे धरून उभ्या असलेल्या बारक्याला ते वाक्य अजून तसंच्या तसं आठवत होतं.

बाकी अशी पुस्तकं त्याने अकरा वाचली होती. प्लास्टर सुकेपर्यंत अर्धा तास मिळतो, तेवढ्यात दहा-बारा पानं होत. त्यातली माणसं काही फार थोर नव्हती हो. दोघे पुरुष भांडी कोणी घासायची यावरून भांडत, मग एकाच पांघरुणात झोपत. घरातून हाकललेली पाच-सहा माणसं एका छताखाली राहत, एकमेकांचा टॉवेल वापरल्यावरून बोंब मारत, आणि एक आजारी पडला की बाकीची रात्रभर जागत. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नाही. बारक्या तिथे हसायचा, डोळे पुसायचा आणि पुस्तक साच्यांखाली दडपून टाकायचा. जागा त्याने विचार करून निवडली होती. त्या डब्यात वर गेलेल्या गिऱ्हाइकांचे साचे होते. थोरला ते फेकू देत नसे. माणसाचं तोंड आहे, टाकवत नाही, म्हणायचा. त्या डब्याला कोण कशाला हात लावेल?

आता मात्र कळायलाच हवं होतं. दात नीट जुळतात का ते पाहायला वरच्या-खालच्या दातांत रंगाचा पातळ कागद धरतात. वर्कशॉपमध्ये निळाच वापरायचे. लाल रंगाचं एक पाकीट नमुना म्हणून आलेलं तसंच पडून होतं. बारक्याने त्याची पट्टी कापली आणि मेणाच्या जागी शहाण्णवाव्या पानात ठेवली. हा रंग दोन दिवस बोटांवरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. दुपारी वहिनी डबा घेऊन आली आणि पोळी वाढायला तिने हात पुढे केला. बोटं लालभडक. बारक्याच्या हातातलं ताट कलंडलं.

"अरे, बीट किसलंय," वहिनी म्हणाली. "खून नाही केला कुणाचा."

ती हसली, तोही हसला. थोरला रबरी हातमोजे तसेच ठेवून चमच्याने जेवला. तो असा कधी जेवत नसे. वहिनीने विचारलं तर कामाची घाई आहे म्हणाला.

वहिनी गेली. तासाभराने थोरल्याने मोजे काढले, नवा साचा पाण्यातून काढला आणि बारक्यापुढे ठेवला. पांढऱ्या प्लास्टरवर अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता.

दोघांनीही तो पाहिला.  बारक्याने मागच्या खोलीतलं सामान मनातल्या मनात बॅगेत भरायला घेतलं.

"मास्तर गेले ना गेल्या आठवड्यात," थोरला ठशाकडे बघत म्हणाला. "त्यांचा साचा ठेवायला डबा काढला होता."

गिऱ्हाइकं मरतात, हेच बारक्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"त्या पोराचं पुढे काय होतं?"

"तू वाचलं नाहीस?"

"त्या पानापुढे वाचवत नाही मला. रोज काढतो आणि परत ठेवतो."

बारक्याने खालच्या आवाजात सांगितलं. तो दुसऱ्या शहरात जातो, तिथे त्याला माणसं भेटतात, ती त्याचं घर होतात. शेवटी बरं होतं त्याचं.

"आणि भाऊ?"

"भाऊ परत येत नाही गोष्टीत."

थोरल्याने अंगठा ॲप्रनला पुसला. रंग तसाच राहिला.

"त्या पोराने दार वाजवलं होतं का पण?"

ते प्रकरण बारक्याने चारदा वाचलं होतं. "नाही. पायरीवर बसला थोडा वेळ, मग निघून गेला."

थोरला वळला. पॉलिशच्या खोलीत गेला आणि धूळ बाहेर येऊ नये म्हणून रोज लावायचा तसं दार लावून घेतलं. आता मोटर सुरू होईल म्हणून बारक्या थांबला. मोटर सुरू झाली नाही. नळाचं पाणी टपकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

त्या दाराशी जाऊन तो उभा राहिला. इतक्या वर्षांत ते कोणी वाजवलं नव्हतं. काम असलं की बाहेरून हाक मारायची रीत होती. मागची खोली चार पावलांवर, रस्त्यावरचं दार सहा. त्याने बोटांची मूठ केली आणि दोनदा वाजवलं.

"कोण आहे?" आतून थोरल्याने विचारलं.

वर्कशॉपमध्ये त्या दोघांशिवाय कोणीच नव्हतं.  

"सांगतो, दादा," तो म्हणाला.