वीस मिनिटांचं काम

भेटीच्या आदल्या दिवशी सकाळीच हवामास्तरांनी स्वतःच्या मोटरसायकलपुढे बसकण मारली. चाळीस वर्षं लोकांची पंक्चरं काढणाऱ्या या माणसाचे स्वतःचे टायर मात्र बघवत नसत. या वेळी त्यांनी मागच्या चाकाला नवा टायर, नवी ट्यूब चढवली. पुढच्या टायरच्या खाचांमधले खडे चिमट्यानं एकेक करून उपटले. हवा तीनदा मोजली. सीटमागच्या लोखंडी पेटीत जादा ट्यूब, टायर सोडवायच्या पट्ट्या, कानस, ठिगळं, हातपंप आणि सोल्युशनची न फोडलेली नळी ठेवली. फोडलेली नळी आतल्या आत सुकून जाते, ऐन वेळी दगा देते, हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला इतक्यांदा ऐकवत, की लोकांनी त्यांना मास्तरच करून टाकलं होतं.

एवढा थाट कशासाठी? तर लेकीला दहा मिनिटं भेटायला. चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या शहरात तिचं बिऱ्हाड होतं. तिथल्या स्टँडवरून सव्वातीनच्या बसनं ती आणि तिचा नवरा विमानतळावर जाणार होते, आणि तिथून कायमचे परदेशी. ताईनं, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, मध्ये पडून, दोघांच्या हातापाया पडून ही भेट जमवली होती.

चार वर्षांपूर्वी लेकीचं लग्न होतं, साधंच, नोंदणी कचेरीत, अकरा वाजता. मास्तर वेळेवर निघाले होते हो! पण वाटेत कुणीतरी पंक्चर होऊन उभं होतं, बाईच्या कडेवर तान्हं मूल रडत होतं, आणि यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. कचेरीत पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. बापाच्या जागी आत्यानं सही केली होती. तसं ते नवीनही नव्हतं. शाळेचा बक्षीससमारंभ असो, बायकोचं शेवटचं आजारपण असो, मास्तर नेहमी कुणाच्या तरी चाकाशी वाकलेले. लेक भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मीच कधी रस्त्यात अडकायला हवं होतं. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबला असता." त्यानंतर चार वर्षं एक अवाक्षर नाही.

"उद्या कुणासाठी थांबलास ना, तर मला तोंड दाखवू नकोस," ताईनं फोनवर बजावलं.

"नाही थांबणार."

"शपथ घे."

"तुझी शपथ, ताई. देव जरी पंक्चर होऊन उभा राहिला तरी नाही थांबणार."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कधी नव्हे ते दुकान बंद ठेवलं. लोक फोन करकरून बोलवणार, आपल्याला नाही म्हणता येणार नाही, हे स्वतःचं दुखणं त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून फोनही बंद करून पेटीत टाकला. रस्ता एक तासाचा. स्वतःला पंक्चर झालंच तर असावा म्हणून एक तास जादा धरून ते एकला निघाले.

अर्ध्या वाटेवर, ट्रकांच्या बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी, एक मोटरसायकल उभी होती. मागचं चाक पार बसलेलं. हेल्मेट घातलेला एक तरुण रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवत होता. पलीकडे कठड्यावर तोंडाला रुमाल बांधलेली, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेली बाई फोन कानाला लावून, खाली मान घालून बसली होती.

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. वीस मिनिटांचं काम! पेटीत सगळं होतं, हाताशी वेळही होता. पण वेळेनं आपल्याला नेहमीच फसवलंय, त्यांना वाटलं. त्यांनी पाय काढून घेतला, माफी मागितल्यासारखा हात वर केला आणि वेग वाढवला.

आरशात दिसलं, ती बाई उठून गाडीमागे धावत होती. पाच-पन्नास पावलं धावली असेल. काय चिवट असतात माणसं, मास्तर मनाशी म्हणाले, आणि त्यांनी आरशातून नजर काढून घेतली. जीव मात्र तिथंच घुटमळत राहिला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच ते अडकलेल्या माणसाला टाकून चालले होते.

स्टँडवर पोचले तेव्हा दोनला दोन मिनिटं कमी होती. लहान मुलासारखा आनंद झाला त्यांना. नळावर तोंड धुतलं, नखांतला काळा मळ काडीनं उकरला. लेकीला आधी काय म्हणायचं, ते बाकावर बसून पुटपुटून पाहिलं. 'बघ, तुझ्याआधी आलो.' हेच बरं होतं.

तीन वाजले. बस लागली. सव्वातीनला बस निघून गेली, आणि तिच्यात लेक चढलीच नाही. पेटी उघडून त्यांनी फोन चालू केला, तर ताईचे नऊ फोन येऊन गेलेले आणि एका अनोळखी नंबरचे सहा. तेवढ्यात परत वाजला.

"कुठं तडफडतोयस तू?" ताई रडत होती.

"स्टँडवर. दोनपासून बसलोय. ती आलीच नाही गं."

"कशी येईल? सकाळीच म्हणाली, आत्या, बाबा काही वेळेवर यायचे नाहीत, मीच दुकानावर जाऊन भेटून येते. मित्राची गाडी घेऊन दोघं निघाली होती. तुझा फोन बंद. वजनकाट्यापाशी पंक्चर झालं."

मास्तर बाकावरून उठून उभे राहिले.

"तुझी गाडी ओळखली तिनं. पेटीवरून. हाका मारत मागं धावली रे! तिला वाटलं, बाबांनी ओळखूनच गाडी पळवली."

"ताई, तूच म्हणालीस थांबू नको..."

पलीकडून ताईचा हुंदका ऐकू आला. मग ताई म्हणाली, "कुणा गाडीवाल्यानं घरून सामान उचलून दोघांना थेट विमानतळावर सोडलं. नवऱ्याकडनं तिनं निरोप दिलाय, तिकडे येऊ नका म्हणून."

लेकीचाच असणार म्हणून त्यांनी तो अनोळखी नंबर लावला. दोनदा वाजून कट झाला. तिसऱ्यांदा बंद लागला. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला तोंड करून ते गाडी चालू ठेवून उभे राहिले. मग गाडी वळवली. येऊ नका म्हटल्यावर कुठल्या तोंडानं जाणार होते?

वजनकाट्यापाशी ती मोटरसायकल तशीच उभी होती. मास्तर खाली बसले. पट्टीनं टायरची कड सोडवली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून ओठांजवळून फिरवली. बारीक झुळूक लागली तिथं कानस मारली. नवी नळी फोडली. सोल्युशन सुकेपर्यंत घाई करायची नाही, ही त्यांचीच शिकवण. ते सुकेपर्यंत त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं. खिळा नव्हता, तारेचा इवलासा तुकडा होता. तो खिशात टाकला. ठिगळ दाबून धरलं आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना आवरलं नाही.

हवा भरून झाली तोवर एका रिक्षातून गाडीचा मालक उतरला. चाक बघून चकितच झाला.

"काका, तुम्ही काढलंत पंक्चर? कुणी बोलावलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"देवासारखे थांबलात हो! हल्ली कोण थांबतं कुणासाठी?"

"मी थांबलो नव्हतो," मास्तर म्हणाले.

त्याला काही उमगलं नाही. तो हसला, दोनदा आभार मानून गाडी चालू करून निघून गेला. मास्तर कठड्यावर, मघाशी ती बसली होती तिथं, पट्ट्या पुसत बसून राहिले.