माझ्या पायाचा प्रवास

माझा पाय दोन चाळीसच्या गाडीने येणार होता आणि गाडीला उशीर झाला होता.

"मी कारने आणला असता, तर एव्हाना तुम्ही चालत असता, वहिनी," धाकटे दीर म्हणाले. भाऊजींचा स्वभाव लाख मोलाचा. अपघातानंतर आठ महिने तेच मला नेतात-आणतात. पण दुसऱ्याच्या सवडीने जगणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सोमवारी मला टपाल कार्यालयात रुजू व्हायचं होतं आणि तेही माझ्या नेहमीच्या बसने. ते जमलं नाही, तर जन्मभर भाऊजींच्या किल्लीची वाट बघायची.

शेवटी कृत्रिम पाय बसवणारे काका आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला माझा पाय.

"उशीर झाला खरा, पण तुमच्या पायाला खिडकी मिळाली," ते म्हणाले.

मला राहवेना. "लोक काही विचारत नाहीत?"

"विचारतात की. मीही विचारतो. आज एका बाईंना विचारलं, चढताना तुम्ही आडव्या का वळता? म्हणाल्या, गुडघा."

"पण एवढी दगदग कशाला? घ्या की एखादी गाडी," भाऊजी म्हणाले.

"आणि गाडीतून बघू काय? पुढच्याची नंबरप्लेट?"

तीस वर्षं हा माणूस पाय बसवत होता आणि लोक कसे चढतात-उतरतात ते न्याहाळत होता. मला मोठी गंमत वाटली.

पाय चढवला. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झकास चालले.

"झालं की," भाऊजींनी किल्ली उचलली.

"कुठलं झालं? फरशीवर सगळेच चालतात. बस कुठं थांबते तुमची, ताई?"

मी हौसेने ऑफिसची टाचेची चप्पल घातली आणि आम्ही कोपऱ्यावरच्या स्टॉपवर गेलो. बस आली. चांगला पाय पायरीवर ठेवला आणि मागचा गुडघा असा काही पुढे मोडला, की काकांनी धरलं नसतं तर मी रस्त्यावरच आपटले असते. बस निघून गेली. भाऊजींनी धावत जाऊन कार आणली, दार उघडून धरलं. मला रडू फुटलं.

"नाही जमायचं मला," मी म्हणाले.

काका मात्र फुटपाथवर मांडी घालून माझी चप्पल बघत होते. "माप घेताना ही होती का?"

नव्हती. तेव्हा घरातली सपाट होती.

"मग बिचारा पाय काय करील? टाच वर गेली, गुडघा पुढं ढकलला." त्यांनी घोट्यातला स्क्रू थोडा फिरवला. "चढताना खरा आधी, उतरताना हा आधी. आता मी धरणार नाही."

दुसरी बस आली. भाऊजी पुढे झाले, तशी मी त्यांना हातानेच थांबवलं. दांडा धरला. खरा पाय वर. मग दुसरा. दार मिटलं. काचेपलीकडे काका माझ्या घोट्याकडे टक लावून बघत होते.

बस भरलेली होती. कुणी उठून जागा दिली नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. आठ महिन्यांत असं पहिल्यांदाच होत होतं आणि मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच उभी राहिले.

"अहो बाई, दार अडवून काय उभ्या राहिलात? सरका की पुढं," मागून कुणीतरी खेकसलं.

मी पुढे सरकले.