धुतलेल्या हातांवरचा जंतू

माझी नणंद म्हणजे नवजात बाळांच्या वॉर्डची मुख्य नर्स. अख्खं हॉस्पिटल त्यांना साबणताई म्हणतं. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू ओळखते. म्हणजे घरी त्यांचा धाक आणि नोकरीतही त्यांचाच. नशीब बघा माझं!

तर ताईंच्या वॉर्डात एकामागून एक तीन बाळांना ताप आला. मोठे साहेब कडाडले, "जंतू कुठून येतोय ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर वॉर्डाला कुलूप आणि ताईंची बदली!" ताईंनी कंबर कसली. दिसेल त्याला बेसिनकडे पिटाळलं. "धू! पुन्हा धू!"

मी बाळांच्या रक्तातला जंतू मशीनवर वाचून काढला. जंतूलाही जनुकीय अक्षरं असतात; ती जिथल्या जंतूशी तंतोतंत जुळतील, तिथूनच तो आला. मग नळ, पाळणे, कड्या, सगळ्यांचे हात, जिथं तिथं कापूस फिरवून नमुने घेतले. नळ निर्दोष, पाळणे निर्दोष. जंतू सापडला हातांवर, तोही धुऊन धुऊन सालटं निघालेल्या हातांवर! बेसिनच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा आमचा आळशी डॉक्टर मात्र स्वच्छ. काय मिरवला मेला!

माझं डोकंच फिरलं. चरफडत साबणाच्या बाटलीत कापूस घातला. जुळला की हो!

बाटली तळाला गेली की पाणी घालून हलवायची, वरून नवा साबण ओतायचा, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, ही ताईंची शिस्त. घरी शाम्पूलाही हाच न्याय. बाटली कधी रिकामी नाही की घासलेली नाही. जंतूनं आत संसार थाटला होता.

मी सांगितलं तशी ताईंनी ती बाटली उचलून उजेडात धरली. "म्हणजे मीच लावत होते सगळ्यांना?" मला रडूच आलं. "रिपोर्टात नुसतं 'साबणात जंतू' एवढंच लिहिते, पाणी घातल्याचं नाही," मी म्हटलं.

"गप्प बस," म्हणाल्या, आणि थेट बाळांच्या आयांसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं. आता नेमकं औषध देता येईल, हेही सांगितलं.

एक आई तर खाऊ की गिळू अशी बघत होती. शेवटी कुशीतलं किरकिरणारं बाळ पुढं करत तीच म्हणाली, "मग उभ्या काय राहिलात? हात धुऊन या नि घ्या हिला. तुमच्याशिवाय गप्प होत नाही ही."

ताई बेसिनपाशी गेल्या आणि थबकल्या. जन्मभर सगळ्यांना हात धुवायला लावणाऱ्या माझ्या नणंदेनं मला हळूच विचारलं, "कशानं धुऊ गं?"